टपालाची देवडी

पत्राचा खर्च कोणी सोसावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या ज्या वेळी बदलले, त्या त्या वेळी पत्र घेणाऱ्याच्या दारावरची व्यवस्थाही बदलली. टपालाचे इतिहासकार जासुदांविषयी लिहितात, डाकगाड्यांविषयी लिहितात, तिकिटांविषयी तर फारच प्रेमाने लिहितात. पण पत्र ज्या दारापाशी येऊन थांबते त्या दाराविषयी त्यांनी फारसे लिहिलेले नाही. आम्ही आज ह्या दाराचा, म्हणजे देवडीचा, इतिहास मांडणार आहो. आणि तोही कागदी पत्राच्या नव्हे, तर ईमेलच्या देवडीचा. येणारे कोणते टपाल स्वीकारावे आणि कोणते परतवावे हे सर्व्हरला शिकविण्याची विद्या वरवर पाहता केवळ यंत्रज्ञांची वाटेल. तिच्या मुळाशी मात्र एक जुना सामाजिक प्रश्न आहे. अनोळखी माणसाने आपल्या दारी येऊन बोलावे की नाही, हे ठरवावयाचे कोणी? आणि ‘नाही’ म्हणावयाचे झाल्यास ते कसे म्हणावे?

आरंभ आपल्याच प्रांतापासून करू. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. दुसऱ्याच वर्षी, १८५४ च्या ऑक्टोबरात, हिंदुस्थानभर टपालाची तिकिटे सुरू झाली आणि हलके पत्र अर्ध्या आण्यात कितीही अंतरावर जाऊ लागले. तत्पूर्वी पत्राचे हशील अंतर आणि वजन पाहून रोख घेत आणि पुष्कळदा ते पत्र घेणाऱ्याकडूनच वसूल होई. विलायतेत तर हाच सर्रास प्रघात होता. १८४० साली रोलंड हिल ह्यांनी एक पेनीचे तिकीट काढले. त्यापूर्वी पाकिटाच्या बाहेरच काही खूण करून ठेवीत, घेणारा ती पाहून मजकूर ओळखी आणि पैसे न देता पत्र परत करी, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यातले मर्म खरे आहे. जो पैसे देतो, तो घ्यावे की न घ्यावे ह्याचा विचार करतो. तिकिटाने हा भार लिहिणाऱ्याच्या खिशावर टाकला. लिहिणारा दहा वेळा विचार करू लागला आणि घेणाऱ्याचे दार आपोआप सुरक्षित झाले. बिनतिकिटाचे, आपल्या बोलीत ‘नॉटपेड’, पत्र आले तर दुप्पट दंड भरून ते सोडवावयाचे किंवा परत पाठवावयाचे, एवढाच जुन्या व्यवस्थेचा अवशेष राहिला.

ह्या नकारालाही एक रीत होती. पोस्टमन पत्रावर घेण्यास नकार असल्याचा शेरा मारी आणि पत्र पाठविणाऱ्याकडे परत जाई. पत्र पोचले नाही, आणि का पोचले नाही, हे दोन्ही त्याला कळत असे. पुढे कायद्यानेही ह्या नकाराची दखल घेतली. रजिस्टर्ड नोटीस नाकारली म्हणजे सुटका झाली असे समजणाऱ्या कित्येक कर्जदारांस, ती बजावली गेली असेच कोर्ट धरून चालते, हे उशिरा कळले. सारांश, टपालखात्याच्या राज्यात नकार ही उघड, नोंदलेली आणि परिणाम असलेली गोष्ट होती. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिच्याशीच आपल्याला काम आहे.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन ह्यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसास निरोप पाठविण्याची सोय केली आणि नाव व ठिकाण ह्यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह बसविले. ह्या नव्या टपालाला तिकीट नव्हते. पत्र एक पाठविले काय आणि हजार पाठविले काय, लिहिणाऱ्याचा खर्च जवळजवळ तेवढाच. मग खर्च गेला कोठे? तो पुन्हा घेणाऱ्याकडे आला. साठवणीची जागा त्याची, तारेवरचा वेळ त्याचा आणि वाचून टाकून देण्याची मेहनतही त्याचीच. १८५४ साली जी गंगा एका दिशेने वाहू लागली होती ती उलटी फिरली. तेव्हा पैसे देणारा पुन्हा दारात उभा राहणार हे उघडच होते.

हे प्रथम ओळखले ते जॉन पोस्टेल ह्यांनी. १९७५ च्या नोव्हेंबरात त्यांनी एक छोटेखानी टिपण लिहिले. त्याचा आशय असा की, नको असलेल्या संगणकाकडून येणारे निरोप निवडून नाकारण्याचे कोणतेच साधन ह्या जाळ्यातील यजमान संगणकापाशी नाही. ते असावयास हवे. त्या वेळी जाळ्यात सारे विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे लोक. एकमेकांस नावाने ओळखणारे. टिपण टिपणच राहिले. अडीच वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठविली. अनाहूत टपालाचा इतिहास बहुधा तेथून मोजतात. लोक रागावले, समज दिली गेली आणि प्रकरण मिटले. दाराला कडी मात्र कोणी बसविली नाही. १९८२ साली पोस्टेल ह्यांनीच ईमेलच्या देवघेवीचे नियम लिहिले, त्यांतही दार उघडेच होते. उलट, तिसऱ्याचे पत्र चौथ्याकडे पोचवून देणे हा त्यांत शेजारधर्म मानलेला होता.

आपल्या देशात हे टपाल आले ते ‘अर्नेट’ ह्या योजनेतून. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ती सुरू केली. पाच आय. आय. टी., बंगलोरची विज्ञानसंस्था, स्वतः ते खाते आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र असे तिचे आठ भागीदार. जुहूचे हे केंद्र आणि पवईची आय. आय. टी. ह्यांच्यामध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जाऊ लागली. पुढे तेथूनच ती समुद्रापलीकडे जाऊ लागली. म्हणजे हिंदुस्थानातल्या ह्या टपालाची पहिली मोठी देवडी महाराष्ट्राच्या भूमीवर उभी राहिली. त्या काळी तार महाग आणि अतिशय अरुंद. नको असलेले एक लठ्ठ पत्र आले तर त्याच्यामागे दहा कामाची पत्रे ताटकळत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांस खुले केले, ते प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून. आणि तेही तासांच्या हिशेबाने. घड्याळ चालू ठेवून पत्र उतरवून घ्यावयाचे आणि मग पाहावे तो परक्या देशातल्या औषधांची जाहिरात! पैसे देऊन शिव्या ऐकण्याचाच हा प्रकार होता.

१९९० नंतरच्या दशकात जाहिरातदारांनी त्या शेजारधर्माचा पुरता फायदा घेतला. कोणाचाही सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे देतो म्हटल्यावर, हजारो पत्रांची मोट भल्या माणसाच्या ओटीवर टाकावयाची आणि आपण नामानिराळे राहावयाचे. अखेर १९९८ साली ‘सेंडमेल’ ह्या त्या काळच्या सर्वांत प्रचलित टपाल-प्रणालीने आपला मूळ स्वभाव बदलला. मालकाने मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज परक्याचे पत्र परक्याकडे द्यावयाचे नाही, असे ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस वित्से वेनेमा ह्यांची ‘पोस्टफिक्स’ ही प्रणाली लोकांपुढे आली. तिच्यात तर देवडीवरचे नियम ओळीने लिहावयाचे आणि पाहुण्याला वरून खाली त्या ओळींतून जावयाचे, अशी सोय होती. ज्या पाटीवर ‘सर्वांस मज्जाव नाही’ असे लिहिले होते, तिच्यावर ‘आधी विचारावे’ असे लिहिले गेले. ईमेलच्या इतिहासातला हा खरा युगपालट होय.

देवडीवर प्रत्यक्ष काय घडते ते आता पाहू. कारण ते पाहिल्याखेरीज पुढचा वाद समजणार नाही. समजा, मोर्शीच्या संत्रा-बागायतदारांच्या एखाद्या संस्थेने स्वतःचा टपाल-सर्व्हर उभारला आहे. परका सर्व्हर येतो. तो कोणत्या अंकी पत्त्यावरून आला हे देवडीवाल्याला तात्काळ दिसते. परका आपले नाव सांगतो. मग पत्र कोणाकडून आले ते सांगतो. मग कोणासाठी आहे ते सांगतो. आणि ह्या तिन्ही गोष्टी मान्य झाल्या तरच पत्राचा मजकूर पुढे करतो. प्रत्येक पायरीवर देवडीवाला तीन आकडी उत्तर देतो. दोनाने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘ठीक’, चाराने सुरू होणारे म्हणजे ‘आता नाही, पुन्हा या’, आणि पाचाने सुरू होणारे म्हणजे ‘नाही’. सर्व्हरची मांडणी करणे म्हणजे कोणत्या पायरीवर, कोणत्या कारणासाठी, ह्यांपैकी कोणते उत्तर द्यावयाचे हे लिहून ठेवणे. संस्थेत त्या नावाचा माणूसच नसेल तर तिसऱ्या पायरीवरच पाचाचा आकडा सांगावा. मजकूर हातात घेण्याचे कारणच काय?

चाराच्या उत्तराचा एक चतुर उपयोग इव्हान हॅरिस ह्यांनी २००३ साली सुचविला. अनोळखी पाहुण्याला पहिल्या खेपेस नुसते ‘मालक पूजेला बसले आहेत, घटकाभराने या’ असे सांगावयाचे. खरा टपाल-सर्व्हर नियमाप्रमाणे परत येतो. लाखोंनी पत्रे फेकीत सुटलेल्याला परत येण्यास सवड नसते. काही काळ ही युक्ती फार छान चालली. मग फेकणारेही परत येण्यास शिकले.

दुसरा उपाय यादीचा. १९९७ साली पॉल व्हिक्सी ह्यांनी त्रास देणाऱ्या अंकी पत्त्यांची यादी अशा रीतीने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला की, जगातील कोणताही सर्व्हर क्षणात ती विचारून घेऊ शके. उपाय जालीम होता. पण यादी करणारा एक, आणि शिक्षा भोगणारे अनेक. एकाच पत्त्यावर दहा संस्थांचा बिऱ्हाडकरू कारभार असेल आणि त्यांतला एक भामटा निघाला, तर उरलेल्या नऊ जणांची पत्रेही परत येऊ लागत. ओल्याबरोबर सुके जळते ही म्हण येथे अक्षरशः खरी झाली.

तिसरा उपाय मजकुराची प्रतवारी करण्याचा. २००१ च्या सुमारास ‘स्पॅमॲसॅसिन’ नावाची गाळणी निघाली. मजकुरातल्या प्रत्येक संशयास्पद लक्षणाला ती गुण देई, आणि बेरीज ठराविक रेषेच्या वर गेली की पत्र वाईट ठरवी. २००२ च्या ऑगस्टात पॉल ग्रॅहॅम ह्यांनी संभाव्यतेच्या गणिताने हे काम करण्याचा मार्ग दाखविला. वापरणारा ज्या पत्रांना बरे किंवा वाईट म्हणेल, त्यांवरून गाळणीने स्वतःच शब्दांचे वजन ठरवावयाचे. आमच्या भागातले व्यापारी संत्र्याच्या ढिगाकडे नुसते पाहून आंबिया बहार की मृग बहार ते सांगतात, तशीच ही अनुभवाची नजर. परंतु ती नजर ज्या मालावर तयार झाली त्याच मालाची पारख करते. ह्या गाळण्या इंग्रजी पत्रांवर वाढल्या. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह आजच्या सार्वत्रिक लिपिसंकेतात तीन बाइट घेते आणि जुन्या टपालमार्गावरून सुखरूप जावे म्हणून मजकूर बहुधा सांकेतिक रूपात गुंडाळून पाठवावा लागे. गाळण्यांतला एक नियम मात्र असे गुंडाळलेले पत्र वेष पालटून आल्याचे मानून त्याला दोषाचे गुण देई. मराठीत लिहिलेले साधे पत्र आपल्या लिपीमुळेच दारावर संशयित ठरण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली. मजकूर पाहून माणूस ओळखण्याची ही मर्यादा आहे.

म्हणून चौथा उपाय निघाला, तो ओळख पटविण्याचा. त्याचे तीन भाग आहेत आणि तिन्ही आपल्या जुन्या दप्तरखान्याला परके वाटणार नाहीत. पहिल्यात संस्था जाहीर करते की, आमच्या नावाचे टपाल ह्या ह्या जासुदांच्याच हाती येईल; इतर कोणी आणले तर ते आमचे समजू नये. ‘एसपीएफ’ म्हणून हा नियम २००६ साली लिहिला गेला. दुसऱ्यात पत्रावर अशी गणिती मोहोर उठवितात की, वाटेत एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. मराठेशाहीतल्या पत्राच्या शेवटी मोर्तब करीत, ते एवढ्याचसाठी की लेखनाच्या सीमेपलीकडे कोणी ओळ घुसडू नये. २००७ सालचा ‘डीकेआयएम’ हे त्या मोर्तबाचेच नवे रूप आहे. तिसऱ्यात, ही दोन्ही परीक्षा नापास झाल्यास काय करावे हे पत्राच्या नावाचा धनीच सांगून ठेवतो. त्याचे नाव ‘डीमार्क’, साल २०१५. पत्रावर वाटेत पडलेल्या ठशांविषयीही एक गोष्ट सांगावयास हवी. पोस्टाच्या शिक्क्यांप्रमाणे ईमेलवरही प्रत्येक मुक्कामाची नोंद होते. परंतु त्यांतली विश्वासाची नोंद एकच, आपल्या स्वतःच्या देवडीवर उठलेली. बाकीचे शिक्के भामटाही उठवू शकतो.

कायद्याने हे काम झाले नसते काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्याकडे तसा प्रयत्न झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती करून ‘६६ अ’ हे कलम घातले. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात त्रास देण्यासाठी, किंवा पत्र कोणाकडून आले ह्याविषयी फसविण्यासाठी पाठविलेल्या ईमेलला शिक्षा सांगितली होती. हेतू वाईट नव्हता. परंतु ‘त्रास’ हा शब्द इतका सैल की, १२ गावचे पाणी त्यात मावावे. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या बंदविषयी चार शब्द लिहिले आणि त्यांना पसंती दर्शविली एवढ्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा ह्या कलमाचे खरे रूप देशाला दिसले. श्रेया सिंघल ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम समूळ रद्द केले. त्याबरोबर ईमेलविषयीचे ते पोटकलमही गेले आणि केवळ अनाहूत ईमेलसाठी असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे आजही नाही. आम्हाला ह्याचे फारसे दुःख होत नाही. घरचे दार राखण्याचे काम फौजदाराच्या हाती दिले की तो दाराबाहेरची माणसेही राखू लागतो, हा पालघरचा धडा आहे. दार राखावे घरधन्यानेच.

मात्र घरधन्यावरही एक बंधन आहे आणि आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासाचे सार तेथे आहे. १९८९ सालच्या नियमपत्रात असे स्पष्ट सांगितले आहे की, मजकूर घेऊन झाल्यावर सर्व्हरने एकदा ‘ठीक’ म्हटले की ते पत्र पोचविण्याची जबाबदारी त्याची झाली, आणि क्षुल्लक कारणासाठी ते हरवू देता कामा नये. म्हणजे नाकारावयाचे असेल तर देवडीवरच नाकारा, पाचाचा आकडा उच्चारून आणि कारण सांगून. आधी ‘ठीक’ म्हणून मागाहून पत्र परत पाठविले तर, भामट्याने खोटा पत्ता घातला असल्यास, तो परतीचा भार भलत्याच निरपराध माणसाच्या दारी जाऊन पडतो. आणि ‘ठीक’ म्हणून पत्र गुपचूप उकिरड्यावर टाकले, तर प्रामाणिक पाठविणारा समजतो की पत्र पोचले. आणि घेणारा समजतो की कोणी लिहिलेच नाही. दोन माणसांमध्ये गैरसमजाची भिंत उभी राहते आणि ती कोणी उभारली हे दोघांनाही कळत नाही. नकार उघड असेल तर चूक दुरुस्त करता येते. नोकरीचा अर्ज दुसऱ्या मार्गाने पाठविता येतो, मालाचा भाव टेलिफोनवर कळविता येतो. मुक्या नकाराला अपील नाही.

आज ही गोष्ट अधिक महत्त्वाची झाली आहे, कारण जगातले बहुतेक टपाल दोन-चार मोठ्या घरांच्या देवड्यांतून जाते. २००४ साली बिल गेट्स ह्यांनी दोन वर्षांत हा उपद्रव संपेल असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. मात्र देवड्या मोठ्या झाल्या. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू ह्यांनी घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांवर वर सांगितलेली तिन्ही ओळखपत्रे सक्तीची केली. नियम वाजवी आहे आणि आमच्या कल्पित बागायतदार-संस्थेलाही तो पाळता येण्याजोगा आहे. परंतु सर्व ओळखी पटूनही पत्र अडगळीच्या पेटीत का पडले, ह्याचे उत्तर छोट्या संस्थेला मोठ्या घराकडून क्वचितच मिळते. मग ती संस्था कंटाळून आपली देवडी बंद करते आणि त्याच मोठ्या घरात बिऱ्हाड थाटते. आपले दार आपण राखण्याची विद्या गावोगावी काही लोकांच्या हाती राहणे म्हणूनच आवश्यक आहे.

शेवटी आपल्या लिपीविषयी. २०१२ साली असे नियम प्रसिद्ध झाले की, ईमेलचा पत्ताच इंग्रजीखेरीज अन्य लिपीत लिहिता यावा. २०१४ च्या ऑगस्टात ‘.भारत’ हे देवनागरी नाव खुले झाले, त्यात मराठीलाही स्थान मिळाले. परंतु देवनागरी पत्त्यावरून निघालेले पत्र, समोरच्या सर्व्हरने हा नवा करार पत्करला नसेल तर, दारातूनच परतते. येथे दोष भामट्याचा नाही आणि पत्राचाही नाही. देवडीवाल्याला ती लिपी ओळखण्यास कोणी सांगितलेले नाही, एवढेच. ह्याच मोर्शी तालुक्यातले ऋद्धिपूर हे महानुभावांचे पवित्र क्षेत्र. आता तेथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करू नये, नाहीतर आपल्या भाविक वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील, असे नागदेवाचार्यांनी त्यांना बजावल्याचे महानुभाव परंपरा सांगते. सातशे वर्षांपूर्वी ह्या परिसरात ज्ञानाच्या दारावर कोणती भाषा चालावी ह्याचा विचार झाला आणि दार सामान्यांच्या बाजूने उघडले गेले. आजच्या देवडीवर मराठी पत्त्याला वाट देण्यासाठी बहुधा मांडणीतली एखादी ओळच पालटावी लागते. आपल्या शाळांचे, संस्थांचे आणि नगरपरिषदांचे टपाल ज्यांच्या हाती आहे, त्यांनी आपल्या सर्व्हरला तीन प्रश्न विचारावेत. तू नाकारतोस तेव्हा तसे सांगतोस काय? ‘ठीक’ म्हटलेले पत्र पोचवितोस काय? आणि आमच्या लिपीतला पत्ता तुला वाचता येतो काय? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर ती देवडी आपली आहे असे समजावयास हरकत नाही.